रिकामा परत देऊ नये

१

मंगळवार माझा सुट्टीचा वार. बाकीची माणसं सुट्टीला लोळतात. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात मंगळवारी उजाडायच्या आत उल्हास स्वयंपाकघरात थर्मास खडखडवायला लागायचा.

"मेधा, उठ. भरती चुकेल."

मी साताऱ्याची. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि तिथेच बरं दिसतं. भरती चुकली म्हणजे नक्की काय बिघडतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. उल्हास श्रीवर्धनचा. पाणी दिसलं की त्याचं वय निम्मं होतं. कुवेतला आल्यापासून तो हॉस्पिटलांची मशिनं दुरुस्त करत होता आणि मी त्या मशिनांना जोडलेली माणसं सांभाळत होते. लेक स्वरा कॅनडात शिकायला गेली आणि तिथलीच झाली. ह्या फेब्रुवारीत उल्हासची बायपास झाली. नोकरी त्याने सोडली, मीही उन्हाळाभराची मुदत देऊन राजीनामा दिला. सप्टेंबरअखेर पुण्याला परतायचं ठरलं.

ज्या होडीसाठी ही पहाटेची घाई, ती आमची नव्हे. बू फैसल म्हणून एक कुवेती गृहस्थ आहेत, त्यांच्या आईची शेवटच्या आजारात मी सेवा केली होती. उन्हाळा आला की ते कुटुंबकबिल्यासह परदेशी जातात. खैरानला त्यांचं पाण्याकाठचं सुट्टीचं घर आहे, इथे सगळे त्याला शॅले म्हणतात. "इंजिन बसून राहिलं की मरतं. तुमच्या नवऱ्यासारखंच," ते म्हणाले, "आठवड्याला फिरवा दोघांना." होडी छोटीशी, फायबरची, वर कापडी छत.

खैरानला वाळवंट खणून समुद्र आत आणलाय. गल्ल्यांच्या जागी कालवे, चौकांच्या जागी तळी, आणि घराघराच्या मागल्या दाराशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. शुक्रवारी तिथे जत्रा असते. मंगळवारी चिटपाखरू नसायचं. बंद घरांच्या एसींची घरघर आणि आमचं फटफट इंजिन, एवढाच आवाज. ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही ह्या तळ्यातून त्या तळ्यात हिंडायचो, चहा प्यायचो आणि भांडायचो. भांडणं उल्हासची आवडती. एसी किती ठेवायचा, मीठ किती कमी घालायचं, होडी डावीकडून घ्यायची की उजवीकडून.

"तुला पाण्यातलं काय कळतंय, घाटावरचीला!" हे दर फेरीत एकदा तरी व्हायचंच. त्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही.

आणि रोज संध्याकाळी मी त्याची छाती ऐकायचे. लोकांच्या बायका नवऱ्याचे पाय चेपतात, मी स्टेथोस्कोप लावते. त्याच्या हृदयाची एक झडप किंचित गळते. ठोक्यामागून बारीकसा 'फुस्स' येतो. काळजीचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तो फुस्स मी शंभर छात्यांतून ओळखला असता. मला एवढंच हवं होतं, की हा माणूस सप्टेंबरात माझ्या शेजारच्या सीटवर बसून पुण्याला यावा.

२

एका मंगळवारी उल्हासने होडी नेहमीपेक्षा आत घातली. एक लांब कालवा होता, त्याच्या दोन्ही अंगांना नुसती प्लॉटची कुंपणं, आणि अगदी टोकाला एकच घर. दुमजली, वाळूच्या रंगाचं, अजून गिलावा अर्धवट असलेलं. खालच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा होता. पहाटेच्या त्या राखट उजेडात तो पिवळा चौकोन इतका घरगुती दिसला, की मला बरंच वाटलं.

मग वास आला. कांदा परततानाचा, नंतर मोहरी तडतडल्याचा.

"अरे, फोडणी!" मी म्हटलं.

"आपल्यातलं कोणीतरी आहे," उल्हास नाक वर करून म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहिलं. मालक सहकुटुंब परदेशी, आणि घर राखायला मागे ठेवलेली एकटी बाई. अशा बाया मी वॉर्डात पाहिल्यात. चंपा नावाची एक आंध्रातली मुलगी आठवते. दोन महिने भिंतींशी बोलून तिचा आवाज बसला होता. मी हाका मारल्या, हिंदीत मारल्या. उल्हासने खणखणीत सलाम घातला. पडदा हलल्यासारखा वाटला, पण बाहेर कोणी आलं नाही.

"कॅमेरे असतील," मी म्हटलं. "घाबरत असेल बिचारी."

आमच्याजवळ डब्यात शिरा होता. डबा माझ्या लग्नातला, स्टीलचा गोल. आत्याने दिलेला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव घातलेलं. स्वराने लहानपणी लाटण्याने बडवून त्याला एका बाजूला मोठा पोचा पाडला होता. तेव्हापासून झाकण नीट बसत नसे, बुक्की मारून बसवावं लागे. तो मी उल्हासच्या हातात दिला. तो पायऱ्या चढून वर गेला. चार पायऱ्यांत त्याला धाप लागते, आणि त्या रिकाम्या कालव्यात ती केवढी तरी मोठी ऐकू आली. मी मुकाट्याने त्याचे श्वास मोजत बसले. डबा दारापुढच्या पायरीवर ठेवून तो आला.

परत येताना यूनुस धक्क्यावर भेटला. हा दाभोळचा, बू फैसलसारख्या पाचसहा घरांच्या होड्या राखतो. मी त्याला टोकाच्या घराबद्दल सांगितलं.

"वहिनी, त्या टोकाला अजून लाईन नाय आली," तो म्हणाला. "मीटरच बसला नाय. माणूस कसा राहील तिथं?"

"जनरेटर असेल."

"असेल," यूनुस म्हणाला. मग दोरीची गाठ घट्ट करत त्याने उल्हासकडे पाहिलं. "भाऊ, तिकडं जास्त आत जाऊ नका. गाळ आहे, पंखा अडकतो."

जनरेटरचा आवाज मात्र आम्ही ऐकला नव्हता. हे माझ्या लक्षात घरी भात लावताना आलं. पण एसी नसताना कांदा परतण्याइतका जीव तरी आहे ना तिच्यात, असं म्हणून मी कुकरचं झाकण लावलं.

३

पुढच्या मंगळवारी डबा त्याच जागी होता. उल्हासने तो आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि मी झाकण उघडलं. आत साखर होती, मूठभर.

मला इतकं भरून आलं, की काय सांगू. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूट साखर घालतात, पण मोकळं नाही पाठवत. माझी आई तर शेजारणीची वाटी परत करायला म्हणून लाडू वळायला बसायची.

"म्हटलं नव्हतं? आपल्यातलीच आहे!"

"हे सगळ्यांच्यातच असतं," उल्हास म्हणाला. "तुम्ही घाटावरचे समजता संस्कार फक्त तुमच्याकडेच."

झाकण लावायला म्हणून मी सवयीने बुक्की मारली, आणि हात दुखला. झाकण आधीच बसलं होतं. टक्क करून, नव्या डब्यासारखं. मी डबा फिरवून पाहिला. पोचा नव्हता. नाव माझंच, ठिपके तेच. स्वराचा पोचा मात्र कुठे उरला नव्हता, आणि डबा असा घासलेला की त्यात माझा चेहरा दिसत होता.

"ठोकून काढला असेल तिने," उल्हास म्हणाला. "रिकाम्या घरात दुसरा उद्योग काय!"

पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. तरी परतीच्या वाटेवर अंगठा पुनःपुन्हा त्या जागी जात होता. तो पोचा मला लाडका होता, हे तो गेल्यावर कळलं.

मग ती रीतच पडली. आम्ही थालीपीठ ठेवायचो, डब्यात खजूर यायचा. आम्ही नारळीपौर्णिमेचा नारळीभात ठेवला, तर पुढच्या खेपेला बारीक बारीक शेवया आल्या, अजून कोमट. उल्हास त्या घराला 'आपली शेजारीण' म्हणायला लागला. मंगळवारी निघताना विचारायचा, "शेजारणीला काय नेतेयस?" मला थोडा मत्सरही वाटायचा. अशा वयात तोही बरा वाटतो.

एकदा ओहोटी होती. पाणी खूप उतरलं होतं आणि पायऱ्या मुळापासून उघड्या पडल्या होत्या. उल्हास वर जाताजाता थांबला. मग परत येऊन बसला. धाप ओसरल्यावर म्हणाला, "मेधा, शेवाळाची रेघ बघ."

मी पाहिली. पायऱ्यांवर हिरवी रेघ होती, पाणी रोज जिथवर चढतं तिथे. ती आमच्या डब्याच्या पायरीच्याही वर, दाराच्या उंबऱ्यापर्यंत होती. दाराला खाली मिठाचे पांढरे ओघळ होते.

"रोज दोनदा ही पायरी पाण्याखाली जाते," तो म्हणाला. "डबा वाहून जायला हवा."

"आपण यायच्या आधी ठेवत असेल ती."

"आणि वाट? वाळूच्या बाजूने वाट नाहीय ह्या घराला. मी मागच्या वेळी वरून बघितलंय. इथे येतं ते पाण्यातूनच."

"मग आपण येतो तसंच," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो. खिडकीतला दिवा तसाच होता.

४

सप्टेंबर लागला तसं आमचं घर सामान होऊन बोटीने निघून गेलं. कपाटं, मिक्सर, परातीबिराती, सगळं खोक्यांत. उरलं काय, तर दोन गाद्या, एक कढई, चहाचं पातेलं, दोन ताटं, दोन कप आणि तो डबा. महिनाअखेरच्या गुरुवारी विमान होतं, त्याच्या आधी दोन मंगळवार शिल्लक होते.

त्यातला पहिला. होडी टोकाच्या कालव्यात शिरली. पाण्यावर धुळीचा पातळ थर होता, आदल्या दिवशीच्या वादळातला. आमच्याशिवाय त्यावर एक रेघ नव्हती. उल्हासने डबा उचलला आणि हातात जोखला.

"हलका लागतोय. काय घातलंयस?"

"मी? तूच म्हणालास ना, वाटेतल्या बकाल्याच्या दुकानातून जिलबी घेतो म्हणून?"

"मी म्हटलं बेसनाचे लाडू तू केलेच असशील."

"कशात करू, डोक्यात? परात समुद्रात आहे माझी!"

डबा रिकामा होता. साखरेचा कण नव्हता त्यात. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. आम्ही दोघं एकमेकांवर खापर फोडत त्या पायऱ्यांशी डुलत बसलो. थर्मासात फक्त चहा, आणि चहा काय डब्यात ओतायचा?

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या मंगळवारी देऊ भरून."

"छे! ती वाट बघत असेल." उल्हास उठला. "मी स्वतः जाऊन सांगतो. आम्ही निघालो, तुमचे उपकार झाले. इतक्या दिवसांत तोंड नाही दाखवलं, बरं दिसतं का?"

"अरे, रिकामा डबा घेऊन?"

"मी आहे की सोबत," तो हसून म्हणाला आणि पायऱ्या चढायला लागला.

मी धाप ऐकत होते. एक पायरी, दुसरी. वर पोचला. दार त्याने ढकललं असावं, कारण लोखंडी बिजागरी कुरकुरली. मग तो आत गेला आणि धाप ऐकू यायची थांबली. हळूहळू विरली नाही, मध्येच बंद झाली. पाणी होडीच्या अंगाला लागत होतं. आत नळ चालू झाला. भांडी घासताना येतो तसा, पाणी स्टीलवर पडल्याचा आवाज. तो बराच वेळ चालला. मी दोनदा हाक मारली.

नळ बंद झाला आणि उल्हास बाहेर आला. झपाझप पायऱ्या उतरून त्याने होडीत पाय टाकला. होडी फारशी हललीही नाही.

"कोण आहे आत?"

"आहेत," तो म्हणाला. "चांगली माणसं आहेत."

"डबा?"

"राहिला."

त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. त्याने इंजिन सुरू केलं. मी डावीकडून जाऊ म्हटलं, तर डावीकडून नेलं.

५

फहाहीलला आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिसरा मजला. मी दर वळणावर थांबून त्याची वाट बघायला वळले, तर तो माझ्या पाठीशीच. ओठ मिटलेले, कपाळावर घाम नाही.

मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. चालणं, पथ्य, गोळ्या, माझी कटकट, सगळं कामी आलं म्हटलं.

तो आठवडा जपून ठेवण्यासारखा होता, खरं तर. एसी मी म्हणेन तेवढ्यावर. मीठ नाही म्हणून तक्रार नाही. जेवण झालं की ताट उचलून घासून ठेवायचा, आणि असं लख्ख, की माझ्या हातूनही होणार नाही. बायका सोळा सोमवार करून मागतात तसा नवरा मला आयता मिळाला होता. स्वरा व्हिडिओवर म्हणाली, "आई, बाबा इज सो चिल! व्हॉट आर यू फीडिंग हिम?" तो पडद्याकडे बघून छान हसला.

कपातला शेवटचा घोट तो माझ्यासाठी ठेवतो, लग्नापासूनची सवय. आता कप तळापर्यंत रिकामा असायचा, विसळून पालथा घातलेला.

पहिल्या संध्याकाळी मी स्टेथोस्कोप लावला. लब-डब, लब-डब. पुस्तकात असतं तसं हृदय. मी डोळे मिटून ठोक्यामागे थांबले. फुस्स नव्हता. पुन्हा ऐकलं, कूस बदलायला लावून ऐकलं. नव्हताच. छातीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण, जो अजून लालसर होता, तो पांढऱ्या दोऱ्यासारखा झाला होता, वीस वर्षं जुना असल्यासारखा.

माझ्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर सुशांतना गाठून मी त्याचा इको करून घेतला. ते स्क्रीनकडे बघून खूश झाले. "सिस्टर, झडप तर एकदम नॉर्मल आहे. आधीच्या वेळी बघण्यात चूक झाली असणार. पेढे काढा!"

मी मान हलवली. चूक होऊ शकते. मशिनची होते, डॉक्टरांची होते. पण मी तो फुस्स महिनोन्‌महिने कानात घालून झोपले होते, त्याचं काय?

संध्याकाळी तो ओट्याशी उभा होता. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगठा आपोआप काहीतरी चाचपायला लागला. ही चाचपणी मी आधी कुठे केली होती, ते आठवायला वेळ लागला नाही. होडीत केली होती. मांडीवर डबा घेऊन.

पोचा नव्हता. झाकण टक्क बसत होतं. नाव तेवढं माझं होतं.

मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. स्वतःला खूप समजावलं. वय झालंय, घर मोडलंय, देश सुटतोय, डोकं फिरायला एवढं पुरे आहे. आणि समज, असेल खरं, तरी बिघडलं काय? धडधाकट नवरा मागितला होतास ना, मिळाला. विमानात बसव आणि ने. पुण्यात कोणाला कळणार आहे?

बाहेरून त्याने प्रेमाने विचारलं, "मेधा, बरी आहेस ना? चहा टाकू?"

आणि मला उल्हासची इतकी आठवण आली, की तोंडात टॉवेल धरून मी रडले.

६

मग सुचलं ते अगदी बायकी होतं. दुसऱ्याचं भांडं घरात राहिलंय आणि आपलं त्यांच्याकडे. अशा वेळी काय करतात, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

सोमवारी शेजारच्या मल्याळी बाईंकडून मी भांडी उसनी आणली. फहाहीलच्या मासळीबाजारातून सुरमई आणली. वाल मी आधीच भिजत घातले होते, ते बसून एकेक सोलले. मंगळवारी उजाडायच्या आत घरभर वास सुटला. वालाचं बिरडं, तळलेली सुरमई, भात, सोलकढी. श्रीवर्धनची माणसं ह्यासाठी जीव टाकतात.

तो पहाटे जेवायला बसला. इतक्या लवकर का, असं त्याने विचारलं नाही.

"आणखी वाढू?"

"वाढ."

मी वाढत गेले. तो जेवत गेला, शांतपणे, माझ्याकडे बघून हसत. आणि काय सांगू, मला त्याचीही माया आली. त्याचा काय दोष? कोणीतरी आमचं मोडकंतोडकं घेऊन, घासूनपुसून, ठाकठीक करून पाठवलं होतं, ते वाईट मनाने थोडंच? शेजारधर्मच होता तो त्यांचा. शेवटचा घास मी त्याला हाताने भरवला.

"पोट भरलं?"

"भरलं."

"मग चल. डबा आणायचाय आपला."

तो लगेच उठला.

खैरानला यूनुसने दोर सोडून दिला. त्याने उल्हासला सलाम केला, मग हात अर्धवट खाली घेत माझ्याकडे पाहिलं. होडी माझ्यासोबत आलेल्यानेच चालवली, मला कुठे येते? सगळी तळी, सगळे कालवे त्याने न चुकता घेतले. मी उगाच म्हटलं, "उजवीकडून गेलो तर?" त्याने उजवीकडून घेतली. मी पदराने डोळे पुसले.

टोकाच्या घरी दिवा होता. आज पहिल्यांदा दार सताड उघडं होतं. तो उठला, पायऱ्या चढला, मागे न बघता आत गेला. बिनआवाज.

मी होडीत उभी राहिले. एवढ्या दिवसांत उभी राहिले नव्हते, बुडायची भीती. उभं राहिल्यावर उंबऱ्याच्या वरून आतलं दिसलं. स्वयंपाकघरच होतं. ओटा, नळ, पिवळा दिवा. ओट्यावर निथळायला पालथी घातलेली भांडी, हारीने. डबे, कप, थर्मास, एका लहान मुलाची पाण्याची बाटली. त्यांच्यात माझा डबा होता. त्याच्या पलीकडे, ओट्यावर कपाळ टेकून, दोन्ही हात खाली सोडून कोणीतरी ओणवं बसलेलं होतं. अंगात उल्हासचा मागच्या मंगळवारचा चौकटीचा शर्ट होता. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. तो एकटाच नव्हता. ओळ आत अंधारापर्यंत गेली होती.

मग दिव्यासमोरून काहीतरी आडवं गेलं, भांडी लावणाऱ्या हातासारखं, आणि मी खाली बसले.

७

नळ वाजला नाही. भांडं उचलल्याचा आवाज आला, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही.

मी तेहतीस कोटी देवांना बोलवून घेतलं. पाणी चढत होतं. शेवाळाच्या रेघेखालच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या.

आणि मग आतून धाप ऐकू आली.

जगात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. खरखरीत, थांबत थांबत येणारी, दर पावलाला शिव्या घालणारी धाप. उल्हास दारात आला, चौकट धरून उभा राहिला. काखेत डबा. चेहरा पांढराफटक, केस ओले.

"अगं, किती वेळ!" तो म्हणाला. "मी आपला निरोप घेतोय, तू हाक तरी मारायचीस. आणि ही होडी अशी कोण बांधतं? पंखा दगडाला लागेल. तुला पाण्यातलं काय कळतंय, घाटावरचीला!"

मी हसत होते आणि रडत होते. त्याला धरून आत घेतलं तेव्हा होडी गदगदा हलली. मी तिथेच त्याच्या शर्टावर कान लावला. लब-डब, आणि मागून बारीक फुस्स. व्रण लालसर. माझा माणूस.

"काय हे, चव्हाट्यावर," तो म्हणाला, पण त्याने मला दूर केलं नाही.

कालव्यातून बाहेर पडेपर्यंत मी मागे पाहिलं नाही. मोठ्या तळ्यात ऊन लागलं तेव्हा मी त्याला चहा दिला. त्याने घोटघोट घेऊन तळाचा माझ्यासाठी ठेवला. मी तो प्यायले. मग घरून आणलेलं उरलेलं बिरडं आणि सुरमईचा तुकडा त्याच्यापुढे केला. आठवडाभराचा उपाशी असणार, म्हटलं.

उल्हासने वालाकडे पाहिलं आणि ताटली हळूच बाजूला सारली.

"नको गं. पोट भरलंय माझं."

"काय खाल्लंस तिथे?"

तो आठवायला लागला. कपाळाला आठी घालून, पाण्याकडे बघत, बराच वेळ. "भरपूर वाढलं त्यांनी," शेवटी म्हणाला. "रिकामं नाही पाठवत म्हणाले कोणाला."

मी डबा मांडीवर घेतला. बाजूला स्वराचा पोचा होता, जिथल्या तिथे. डबाही जड होता. झाकण एका कडेने उचललेलं होतं, आणि ते आतून किंचित वर येऊन पुन्हा खाली बसलं, होडीच्या हेलकाव्याने असेल.

उल्हास माझ्याकडे बघून हसला. त्याचंच हसणं, डावा दात पुढे असलेलं. मी त्याचा हात हातात धरला. आता काहीही झालं तरी परवाच्या विमानात तो माझ्या शेजारी बसणार होता.

"राहू दे, पुण्याला जाऊन बघू," मी म्हटलं, आणि बुक्की मारून झाकण पक्कं बसवलं.